चार ग्लोब व्हॉल्व्ह

प्रिय दादा,

आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. नाहीतर म्हणशील, धाकटीला माणसांपेक्षा पाइपांचीच काळजी जास्त.

तुझी लेक आमच्या ऑफिसात रुजू झाली त्याला महिना झाला. परवा तिला एका जुन्या इमारतीतली पाण्याची लाइन मोजायला पाठवलं. पोरगी टेप बाजूला ठेवून लाइनीच्या कडेकडेने चालायला लागली आणि पाइप जिथे वाकतो त्या प्रत्येक एल्बोला हात लावून मोठ्याने आकडे म्हणू लागली. सोबतचे हसले. मला मात्र भरून आलं. हे तिला कोणी शिकवलं, ते मी विचारलंच नाही.

आठवतं ना, मागच्या शेडमध्ये मी शाळेचं दप्तर टाकून तुझ्या बाकावर बसायचे? पाइपांच्या सांध्यांना लावायच्या सफेद्याचा वास, आटे पाडायच्या तेलाचे माझ्या वह्यांना पडलेले डाग, आणि आईची बोलणी. एकदा तू मला सरळ नळीतून फुंकायला लावलंस, मग सहा वाकणं असलेल्या तेवढ्याच नळीतून. माझे गाल फुगून लाल झाले आणि तू पोट धरून हसलास. म्हणालास, पाण्यालाही असाच दम लागतो. दोन इंची लाइनीत एक एल्बो म्हणजे दीड मीटर सरळ पाइप समज. पुढे कॉलेजात हेच शिकवायला त्यांना दोन तास लागले.

मग मी तुझ्याच कंपनीत पाइपांच्या हिशेबाच्या टेबलावर आले. त्या टेबलावरची पहिली मुलगी. तू साइटवरचा मुख्य फिटर. तीन महिने मी जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होते. आणि मग ते हॉस्पिटलचं काम. तिसऱ्या मजल्यावर नळ सोडला की करंगळीएवढी धार. बाळंतिणींचा वॉर्ड होता तो, दादा. नर्सेस जिन्यावरून बादल्या वाहत होत्या.

हिशेबात मी चार गेट व्हॉल्व्ह धरले होते. गेट पूर्ण उघडा असला की पाण्याला जेमतेम अर्ध्या मीटर पाइपाइतका अडथळा. पण सामानाच्या यादीत घाईघाईत ग्लोब लिहिले, आणि ग्लोबमध्ये पाण्याला आत वळसे घेत जावं लागतं. एकेक व्हॉल्व्ह सतरा मीटर पाइपाला भारी! चार मिळून सहासष्ट मीटर जादा, आणि पंपात तेवढा जोर कुठून असणार? तू यादीबरहुकूम बसवलंस. साहेबांनी विचारलं तेव्हा यादी तुझ्या खिशात होती. तू म्हणालास यादी हरवली, व्हॉल्व्ह मीच बदलले, चूक माझी. मी तिथेच उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही.

तुला स्टोअरमध्ये बसवलं. वर्षभरात तू गाव सोडलंस. जाताना स्टँडवर माझ्याकडून वचन घेतलंस की हे कोणाला सांगायचं नाही, बाबांना तर नाहीच. मी पाळलं. सव्वीस वर्षं पाळलं आणि मोठ्या टेबलापर्यंत पोचले. पाळणं सोयीचं होतं म्हणून पाळलं, हेही आज लिहून टाकते.

काल तुझ्या लेकीने एक हिशेब तिसऱ्यांदा तपासायला घेतला. मी म्हटलं, पुरे आता. तर मान खाली घालून म्हणाली, आत्या, माझ्या बाबांनी एकदा चुकीचे व्हॉल्व्ह बसवले होते, आमच्या घरात ती चूक पुन्हा व्हायला नको. मला पुढे ऐकवेना. कपाटातून त्या यादीची माझ्याकडे राहिलेली कार्बन कॉपी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. अक्षर माझं आहे, हे तिला सांगावं लागलं नाही. तिने ग्लोबची ओळ दोनदा वाचली. मग रडली, आणि तुझ्यावरच चिडली. म्हणते, मी लहानपणापासून ज्या गोष्टीची लाज बाळगली, ती बाबांनी केलीच नव्हती आणि मला बोललेही नाहीत. शनिवारी ती तुझ्याकडे येते आहे, तुला विचारायला. तिच्याआधी तुझ्या हाती पडावं म्हणून हे पत्र. मी तुला ओळखते, तू चहाचा कप पुढे करशील आणि पुन्हा म्हणशील, आत्याचं काही ऐकू नकोस, चूक माझीच होती. दादा, तुझ्या पाया पडते, या वेळी तसं म्हणू नकोस.

तुझीच,
धाकटी