वरचा दात

२ डिसेंबर
पिंपळगाव राजाला पोचले. पुष्पाबाईंनी सामानही उतरवू दिलं नाही; चहा, पोहे आणि नात एकदमच हातात दिली. त्यांची लेक रेणुका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि सातव्याच महिन्यात मोकळी झाली. पोरगी दवाखान्याच्या पेटीत वाढली, नुकतीच घरी आली. जावई पुण्याला नोकरीत. त्यांनीच मला बाळाची नर्स म्हणून इथे ठेवलंय. पोरगी मूठभर, पण तोरा पाटलिणीचा! रेणुकाच्या उघड्या छातीशी तिला कापडानं बांधून दिलं, तशी गप्प झोपली. घर मला आवडलं.

१९ डिसेंबर
वजन छान वाढतंय. पुष्पाबाईंना मात्र घाई, मान काऊन धरत नाही म्हणून. मी समजावलं की हिचं वय जन्मापासून नाही, जन्मायला हवी होती त्या तारखेपासून मोजायचं. त्या म्हणाल्या, तुमचं दवाखान्याचं घड्याळच उलटं. रेणुकाचा एकुलता भाऊ मोतीराम शेतातून आला की हातपाय धुऊन आधी भाचीला बघतो. असा मामा मिळायला नशीब लागतं.

२५ जानेवारी
आज हसली! माझ्याकडे बघून, तोंडभर! आणि वरच्या हिरडीत पांढरं टोक दिसलं. अशा बाळांना दात उशिराच येतात, हिला मात्र एवढ्यात! मी अंगणात येऊन ओरडून सांगितलं. कोणीच हसलं नाही. पुष्पाबाईंनी तोंडाला पदर लावला. वरचा दात आधी आला की मामावर संकट, म्हणे. मी हसण्यावारी नेलं.

२८ जानेवारी
मोतीरामचा हात कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेला. चार बोटं. मी टॉवेल गच्च बांधला तरी रक्त थांबेना. बोटं कुट्टीतून वेचून काढावी लागली. पुष्पाबाई ऊर बडवून ओरडत होत्या, "पोरीनं मामाले खाल्लं!" मला संताप आला. मशीनचं झाकण यानंच काढून फेकलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी
जखम चिघळली आहे, अंगात ताप. दवाखान्यातून टाके घालून आणलं, पण मोतीराम गोळ्या घेत नाही. पोरीच्या तोंडात दात आहे तोवर औषध काय करील, म्हणतो.
आज मी अंघोळीला गेले आणि हा पक्कड घेऊन बाळापाशी बसला. मी ओढलं तर मला भिंतीवर आपटलं. भुवई फुटली. बाळाचा ओठ फाटलाय, दात तसाच आहे. माझा आणि रेणुकाचा फोन त्यानं दगडानं ठेचला. फाटकाला कुलूप. मला भयंकर भीती वाटते.

३ फेब्रुवारी, दुपार
रेणुका, बाळ आणि मी आतल्या खोलीत, कडी लावून. बाहेर मोतीराम, धडक्या हातात कुऱ्हाड घेऊन. आता त्याला नुसता दात नाही, पोरगीच हवी आहे—
पुष्पाबाई त्याला अडवत नाहीत. दारापाशी बसून लेकीला सांगताहेत, पोरी आजून होतीन, भाऊ कुठून आणू.
फळी चिरली. ओरडले, शेजारी कोणी येत नाही—
घाव थांबले. तो रडतोय. मी मरून राह्यलो ताई, म्हणतो—
रेणुका उठली. बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं. वाटलं, पलंग दाराशी लावणार—
माझ्याकडे बघत नाही. दाराकडे—
रेणुका, नको, कडीला हात—