खात्री केलेली आहे

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आजपासून मी शाळेची सायबर सुरक्षा शिक्षिका. मुख्याध्यापक बाळासाहेब सरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. मी कारण विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं: प्रिंटरमध्ये अडकलेला कागद फक्त मलाच काढता येतो.

११ डिसेंबरला सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र द्यायला तपासणीची टीम येणार. तोवर शाळेत ‘जागरूकतेची संस्कृती’ निर्माण झालेली पाहिजे. सर म्हणाले, लई वेळ आहे, गॅदरिंग तर आपण याच्या निम्म्यात बसवतो.

काम मनापासून करणार. चौथीपर्यंत मला नानांनी, म्हणजे वडिलांनी, घरीच शिकवलं. रोज पाच ओळी लिहायच्या, सगळ्या खऱ्या. एक खोटी सापडली की पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे मला खोटं बोलताच येत नाही. या कामाला असंच माणूस लागतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
नववीवर पहिला तास. पासवर्ड कुणाला विचारायचा नसतो, म्हणून ‘साधारण कसा असतो’ एवढंच विचारलं. सगळ्यांनी उभं राहून पासवर्डच सांगितला. गावाचं नाव आणि पुढे १२३. बदला म्हटलं. लगेच बदलला. आता १२३४ आहे.

ऑनलाइन फसलं की १९३० ला फोन लावायचा, हे घोकून घेतलं. पाचव्या तासाला इतिहासाच्या अश्विनी मॅडम तणतणत आल्या. त्यांच्या चाचणीत ‘१९३० साली काय घडले?’ याला निम्म्या वर्गाने ‘सायबर हेल्पलाईन’ लिहिलं. मी हे यश मानते.

भिंतीसाठी घोषवाक्य मागवलं. अक्षदाचं निवडलं: ‘फसलं तर सांगा, कुणी हसणार नाही.’ स्वराज हसला. त्याला बाहेर उभं केलं.

अक्षदा हुशार आहे, पण बोलते इतकं हळू की दोनदा विचारावं लागतं. तिच्या वडिलांनी, हौशीरामभाऊंनी, अभ्यासाला फोन दिलाय तो एका अटीवर: एक तक्रार आली की फोन बंद आणि शाळापण बंद. तिला म्हटलं, मी आहे ना.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
नवा नियम. पालकांच्या ग्रुपवर खात्री केल्याशिवाय काहीही टाकायचं नाही. खात्री केली असेल तर शेवटी तसं लिहायचं. सुरुवात मीच केली: ‘उद्या शाळा नेहमीप्रमाणे भरेल. खात्री केलेली आहे. – प्रतिभा मॅडम.’

भराभर अंगठे आले. डेअरीला दूध घालणारे संपतभाऊ यांनी लिहिलं, ‘आता कसं बाई जिवाला बरं वाटलं. न्हाईतर कोण काय टाकतंय कळतच नाय.’

संस्कृती अशीच निर्माण होते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ
पोस्टरचे फोटो काढायला सकाळी माझा फोन अक्षदाकडे दिला. मधल्या सुट्टीत तिने आणून दिला, ओढणीने स्क्रीन पुसून. चांगलं वळण.

शाळा सुटल्यावर मावसभाऊ ऋषीचा मेसेज. तो जुन्नरला असतो. ‘बिबट्या लाईव्ह लोकेशन’ नावाची फाईल. ऊसतोड सुरू झाल्यापासून मी घरी अवसरी बुद्रुकपर्यंत स्कूटी हॉर्न दाबतच नेते. उघडली. ॲप आलं. त्याने मेसेज, नंबर, सगळ्याचीच परवानगी मागितली. दिली. जिवाचा प्रश्न असताना माहितीचा कंजूषपणा बरा नाही.

तरी ऋषीला विचारलं, खरं आहे का? तो म्हणाला, खरं असणार, मलापण कुणीतरी पाठवलंय. म्हणजे दोन ठिकाणांहून खात्री झाली.

ग्रुपवर टाकलं: ‘मुलांच्या सुरक्षेसाठी सर्वांनी घ्यावे. खात्री केलेली आहे.’

२९ नोव्हेंबर, शनिवार
ॲपमधला बिबट्या कालपासून मंचरच्या एसटी स्टँडवर आहे. हललेला नाही. अश्विनी मॅडम म्हणाल्या, पेठची गाडी मिळत नसंल त्याला. एवढ्या गंभीर विषयात विनोद मला आवडत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
संपतभाऊंचे दुधाचे पैसे खात्यातून गेले. आणखी काही घरांत तेच. ज्यांचं खातं वाचलं त्यांच्या फोनवरून तीच फाईल सगळ्या पाहुण्यांना गेलीये. माझ्या फोनवरूनही गेलीये. मला पाहायला येऊन गेलेल्या लोणीच्या लोकांनासुद्धा.

समजलं. ॲप काढलं.

१९३० लावायला हवा. पण आधी वरिष्ठांना सांगणं शिस्तीचं. आणि रविवारी सरांना त्रास देणं बरोबर नाही. उद्या परिपाठात, सगळ्यांसमोर, माइकवरून सांगणार. फसलं तर सांगायचं कसं, याचं उदाहरणच घालून देणार. पाठही करून ठेवलंय.

१ डिसेंबर, सोमवार
माइक सरांनी आधी घेतला. म्हणाले, कुणीतरी आपल्या मॅडमचा फोन हॅक केलाय. आपल्या मॅडम असल्या फायली पाठवतील का? मुलं एका सुरात ‘नाही’ म्हणाली. एवढ्या मुलांचा विश्वास एका वाक्यात मोडणं शैक्षणिकदृष्ट्या योग्य वाटलं नाही.

मग ऑफिसात सरांनी विचारलं, त्या दिवशी फोन कुणाच्या हातात दिला होता का? मी सांगितलं, अक्षदाकडे होता.

हे खरं आहे. परत कधी घेतला, हे त्यांनी विचारलं नाही. मेसेजवर वेळ असते. सहाची आहे. ज्याला बघायची त्याने बघावी. मी काही लपवलेलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
हौशीरामभाऊंना बोलावलं. कांद्याच्या लागवडीतून तसेच आले. चिखलाच्या चपला दाराबाहेर काढल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. मलाच म्हणाले, ‘बाई, पोरीनं केलंय का तेवढं सांगा. तुमी म्हणाल ती खात्री.’

मी म्हणाले, तंत्रज्ञानात शंभर टक्के कशाचीच खात्री देता येत नाही. हेही खरंच आहे.

अक्षदा पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू येईल असं बोलली. ‘दादा, मी मधल्या सुट्टीत फोन दिला व्हता. मॅडमना विचारा.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर म्हणाले, मॅडमना कशाला मधे घेतेस, त्यांचंच नाव खराब झालंय. मी मान हलवली. हो की नाही, ते हलवताना ठरवलेलं नव्हतं.

हौशीरामभाऊंनी तिच्या हातातला फोन घेऊन खिशात घातला. जाताना मला हात जोडले. म्हणाले, माफ करा बाई, आमच्यामुळं तुमाला ताप.

रात्री नानांनी विचारलं, डोळे का सुजले? म्हटलं, कांदा चिरला. खरंच चिरला होता.

३ डिसेंबर, बुधवार
उद्या सांगणार. नक्की.

४ डिसेंबर, गुरुवार
सर मीटिंगला गेले होते.

५ डिसेंबर, शुक्रवार
सर होते. पण हौशीरामभाऊ माझ्याआधी येऊन बसले होते. अक्षदाचा दाखला मागायला. सर म्हणाले, अहो, दहावी तरी होऊ द्या. ते म्हणाले, ‘बास झाली शाळा. आजवर आमच्या दारात कुणी बोट दाखवाया आलं न्हाई. काल संपत आला व्हता. कांदं लावील, आईला हातभार लावील.’

मी दारातच उभी होते. मला पाहून ते बाजूला सरकले, जायला वाट दिली. मी आत न जाता तासावर गेले. तास बुडवणं मला जमत नाही.

नीट विचार केला. आत्ता सांगितलं तर शाळेचं प्रमाणपत्र जाईल. एका मुलीसाठी सगळ्या शाळेचं नुकसान करायचा मला अधिकार नाही. टीम येऊन गेली की सांगणार. तोवर कांद्याची लागवडही उरकेल, मग तिला परत यायला सोपं जाईल.

११ डिसेंबर, गुरुवार
टीम आली. मुलांनी १९३० खणखणीत म्हटला. ‘सायबर सुरक्षित शाळा’ असं प्रमाणपत्र मिळालं, फ्रेमसकट. साहेबांना भिंतीवरचं घोषवाक्य फार आवडलं. कुणी लिहिलं, विचारलं. सर म्हणाले, आमच्या प्रतिभा मॅडमनी.

माझ्या तोंडात पेढा होता.

१३ डिसेंबर, शनिवार
आज सांगितलं!

सकाळपासून मजकूर लिहीत होते. शुद्धलेखन दोनदा तपासलं. पालकांच्या ग्रुपवर पाठवला: ‘२८ तारखेची ती फाईल मी स्वतः उघडली आणि मीच सर्वांना पाठवली. अक्षदाने माझा फोन मधल्या सुट्टीतच परत दिला होता. तिचा काहीही दोष नाही. मला क्षमा करा. खात्री केलेली आहे. – प्रतिभा मॅडम.’

इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. जेवले.

१३ डिसेंबर, दुपार
संपतभाऊंचा मेसेज: ‘कुणीबी उघडू नका. मॅडमचा फोन परत हॅक झालाय.’

खाली अंगठे. एका आईने लिहिलं, असलं रडकं लिहूनच फसवत्यात. दुसरीने लिहिलं, ‘खात्री केलेली आहे’ म्हटलं की समजायचं चोर आहे. मग सरांनी मला ग्रुपमधून काढलं आणि फोन केला. म्हणाले, काळजी करू नका मॅडम, अर्ध्या मिनिटात ओळखलं सगळ्यांनी. तुमच्या शिकवण्याचा परिणाम.

मी म्हणाले, सर, ते मीच लिहिलंय. सर बराच वेळ हसले. म्हणाले, आवाजपण हुबेहूब काढत्यात हल्ली. आणि फोन ठेवला.

१४ डिसेंबर, रविवार
तर मी सांगितलं. लिहून सांगितलं, तोंडी सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही, हा माझा दोष नाही. उलट विषय किती खोलवर रुजला, ते दिसतं. ११ तारखेच्या टीमला हे कळवायला हवं.

हौशीरामभाऊ तो ग्रुप दाखल्याच्या दिवशीच सोडून गेले होते. म्हणजे त्यांनी वाचलेलं नाही.

त्यांची वस्ती शाळेच्या मागच्या खिडकीतून दिसते. मधे फक्त एक उसाचं वावर. समक्ष जाऊन सांगता येईल. दिवसा ते सगळे शेतात असतात, त्यामुळे जायचं तर संध्याकाळीच. आज जायचं ठरवलं होतं. चपलाही घातल्या होत्या.

तेवढ्यात मेसेज आला, आपल्या भागात बिबट्या दिसलाय, अंधार पडल्यावर उसाच्या बाजूला जाऊ नये.

खात्री केलेली नाही.