मरळीची बॅग आणि यात्रेची आमटी

मुक्काम घोडेगाव

आमचे एकुलते एक मेव्हणे गोरखराव यांना भरतचा वाकून रामराम.

पत्र बघून दचकू नका, इकडं सगळे ठणठणीत आहेत. तुमची बहीण जया तर इतकी ठणठणीत आहे की तुमच्या आणे गावच्या यात्रेहून आल्यापासून माझ्याशी अवाक्षर बोललेली नाही. (फोनच करणार होतो, पण मी फोन कानाला लावला की तिचं भाकरी थापणं थांबतं.) तुमचा गुडघा कसा आहे? कांदा काढायला आला का? तुमच्या मातोश्रींची, म्हणजे आमच्या मामींची तब्येत विचारायला मात्र जीभ रेटत नाही. त्या जेवत नाहीत हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहितानाही दर ओळीला उठतोय, अंगणात चक्कर मारतोय आणि परत येऊन पेन शोधतोय.

आता मुद्द्याचं. माझी कूलर बॅग मामींनी गोठ्याबाहेरच्या लिंबाला टांगलीय असं ऐकलं. ती आधी खाली काढा आणि नारायणगावला येणाऱ्या कुणाच्याही हाती धाडून द्या. उन्हानं अस्तर तडकेल हो! रविवार तोंडावर आलाय, माझा दोस्त सूरज गळ घासून बसलाय, आणि बॅग तिकडं पठारावर लटकतेय. तुम्हाला वाटत असेल, एका पिशवीसाठी दाजी एवढे का तडफडतात. तर ऐका.

डिंभे धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकायला जायचं तर मोटारसायकलवर मी पुढं, सूरज मागं, आणि मधे सामान. पूर्वी सूरजच्या मांडीवर थर्माकोलचं खोकं असायचं. ते घोडेगावपासून धरणापर्यंत असं किंचाळायचं की रस्त्यातली कुत्री आमच्या मागं लागायची. टणक प्लास्टिकची पेटी बघितली, तर ती बसवायची म्हणजे सूरजला घरी ठेवायला लागला असता. म्हणून ठरवलं, मऊ, खांद्याला अडकवायची, बर्फ राखणारी आणि थेंब न गाळणारी बॅग घ्यायची. जुन्नरच्या बाजारपेठेत मिश्रीलालशेठच्या दुकानात गेलो. आता शेठ पडले जैन, त्यांच्यासमोर मासे हा शब्द तोंडातून काढायचा कसा? म्हटलं, श्रीखंडासाठी पाहिजे. शेठनी एक दाखवली, तिची चेन शाळेच्या डब्यागत. दुसरीत मी दुकानातच तांब्याभर पाणी ओतलं, ते शिवणीतून शेठच्या गादीवर. (गादी पुसली मी.) तिसरी खांद्याला लावून पार चौकापर्यंत चालून आलो, पट्टा काचला. न घेताच घरी आलो. रात्रभर कुशी बदलल्या, सकाळी परत जुन्नरची एसटी धरली. असं किती वेळा झालं ते जयाला विचारा. शेवटी शेठनी आढ्याकडं बघत सांगितलं, "भाऊ, श्रीखंडाला कुटलीबी चालंल. पण ज्याला वास असतो ना, त्याला ही न्या. शिवण नाय, अस्तर चिकटवलेलं, चेन गच्च. पुसली की झालं." मी मान खाली घालून ती घेतली.

पहिल्याच रविवारी काय घडलं ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन मरळी, हातभर लांब मासे, फोटो तुम्हीच ग्रुपवर फिरवलात. बॅगेत बर्फावर निजवून आणल्या आणि वाटेतच वाटून टाकल्या. (माणसाचं मन मोठं असावं.) तेव्हापासून घोडेगावच्या स्टँडवर लोक मला मरळवाले म्हणून हाक मारतात. लग्नानंतर पहिल्यांदाच माझं नाव झालं, गोरखराव.

आणि मग यात्रा आली. आम्ही वाटेत पाण्याच्या बाटल्या गार राहाव्यात म्हणून बॅग घेऊन आलो, यात माझं काय चुकलं? देवळातून महाप्रसादाची आमटी आणायची वेळ झाली तेव्हा घरातले सगळे डबे शेजाऱ्यांनी नेलेले. मामींनी काय करावं? बाटल्या काढल्या आणि रटरटती आमटी थेट माझ्या बॅगेत! राव, कुणी पिशवीत आमटी ओततं का? पण शेठचा माल अस्सल, थेंब सांडला नाही. सांजेला चेन उघडली तर वाफ आली. मामी म्हणाल्या, "यंदा लई झ्याक राहिली आमटी, पावण्याच्या पिशवीची कमाल हाय." सासूच्या तोंडून माझं कौतुक! त्या दुसरी वाटी घेतात तोच तुमची बहीण किंचाळली, "आई, त्यात ह्यांनी मरळी आणल्या व्हत्या!"

मामींनी वाटी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जयाच्या जन्माआधीपासून गळ्यात माळ आहे त्यांच्या. आता म्हणे आळंदीला जाऊन पुन्हा माळ घालणार, आणि तोवर दूध-केळ्याशिवाय काही नाही. या वयात! आणि सगळे बोट दाखवतात माझ्याकडं. ओतली कुणी, खाल्ली कुणी, ओरडलं कोण? माझा दोष एवढाच की मी चांगली बॅग निवडली. तेव्हा बॅग धाडा, म्हणजे मी रविवारी धरणावर जाऊन चार घटका डोकं शांत करीन.

तुमचे दाजी,
भरत

ता.क. पत्र बंद केलं होतं, परत उघडलं. मामींना एकट्यांना गाठून एवढंच सांगा, की बॅगेत मासा नव्हता. फोटोतल्या मरळी फुगवट्यावरच्या एका कोळ्याच्या होत्या. त्यानं फोटोपुरत्या हातात दिल्या आणि लगेच काढून घेतल्या. आमच्या गळाला दिवसभर एक खेकडा आणि सूरजची टोपी लागली. बॅगेत फक्त जयानं दिलेली मेथीची भाजी, भाकरी आणि दही होतं. माळेला काहीसुद्धा झालेलं नाही. पण हे जयाच्या कानावर जाऊ देऊ नका, तुमच्या पाया पडतो.

ता.ता.क. माझ्याच्यानं राहवत नाही. मामींचा तुमच्या शब्दावर विश्वास बसला नाही तर हे पत्रच त्यांना वाचून दाखवा. त्या तासाभरात जयाला फोन करतील, जया सूरजच्या बायकोला, आणि उद्या स्टँडवर माझी काय शोभा होईल ते मला माहीत आहे. होऊ द्या. तुम्ही आधी मामींना गरम भाकरी वाढा.

आणि बॅग पाठवू नका. मामींनाच राहू द्या आमटीला. तिच्यात अजून मासा गेलेला नाही, आणि माझ्या हातून कधी जाईल असं काही वाटत नाही.