बंद घरांना अक्षत

७ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! अबू धाबी मागे पडली तशी दोन्ही अंगांना नुसती वाळू, आणि वाळूतून सरळ निघालेले रूळ. रुळांच्या कडेला हे गाव. गाव कसलं, त्याचं बारसंही व्हायचंय. कागदोपत्री नुसतं ‘स्टेशन टाउनशिप’. मालगाड्या सुरू झाल्या म्हणून स्टेशन, स्टेशन झालं म्हणून घरं. माणसं आता येतील. माझ्या मुलाला, उपेंद्रला, इथल्या सिग्नलचं काम मिळालं आणि गावात राहायला आलेलं पहिलं कुटुंब आमचं ठरलं. जन्मभर कराडच्या शाळेत मराठी शिकवली, पण एखाद्या गावाच्या पहिल्याच पानावर आपण असू, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

नात मिहिका रिकाम्या रस्त्याच्या मधोमध हात पसरून धावली. “आजोबा, द होल टाउन इज माइन!” मी तिला चौथीच्या पुस्तकातली एक कविता चालीवर म्हणून दाखवली. समोरच्या भिंतींवरून आवाज परत आला, वर्गाने मागून म्हणावी तसा. डोळे भरून आले.

१० नोव्हेंबर
या गावाचा इतिहास मीच लिहीन म्हणतो. रखवालदार यहया पेशावरकडचा, माझ्याच वयाचा. त्याच्याकडून ऐकलं ते असं: आधी रूळ टाकणाऱ्यांचे तंबू आले, मग पाण्याचे टँकर, मग एकाच साच्यातली ही पांढरी घरं, मशीद, झोपाळ्यांची बाग. त्याआधी इथे कोण होतं, विचारलं. बडे मियाँ, ये जगह खाली कभी नहीं थी, म्हणाला, आणि चहा पुढे केला. बंद घर उघडताना तो आत कुणी नसतानाही सलाम करतो. किती सुंदर रीत!

१४ नोव्हेंबर
उद्या वास्तुशांत. गुरुजी दुबईहून फोनवर सांगणार, उपेंद्र इथे करणार. अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या त्याच्या मित्रांना बोलावलं होतं. कुणाला ड्यूटी, कुणाला मुलांची परीक्षा. सूनबाई शुभ्रा म्हणाली, बाबा, आपण चौघंच करू, सिंपल. मला काही ते पटेना. पंगत नाही ती कसली वास्तुशांत?

मग संध्याकाळी मिहिकाला घेऊन निघालो. कराडला दार बंद असलं तर उंबऱ्यावर अक्षत ठेवून येत असू; बोलावणं पोचलं असं समजायचं. इथे सगळीच दारं बंद. प्रत्येक उंबऱ्यावर चिमूटभर अक्षत ठेवली आणि मोठ्याने म्हणालो, सहकुटुंब यावं. मिहिका हसून लोटपोट. “देअर्स नोबडी, आजोबा!” येणाऱ्यांना आधीच बोलावून ठेवलं, असं मी म्हणालो.

यहयाने पाहिलं आणि त्याचा चहाचा पेला हातातच राहिला. सलाम करना था, तो म्हणाला, दावत देने को किसने बोला था?

१५ नोव्हेंबर
यथासांग झालं. माझ्या हट्टापायी मसालेभात नि श्रीखंड पंगतीचं केलं होतं, हॉलभर पत्रावळ्या मांडल्या होत्या. शुभ्रा चिडलीच: वेस्ट जाणार सगळं. जेवून आम्ही आतल्या खोलीत कलंडलो. बाहेर आलो तर पातेली लख्ख. पत्रावळ्या पुसून घेतल्यासारख्या. प्रत्येक पत्रावळीमागे बारीक वाळू सांडलेली, मांडी घालून कुणी बसलं असावं तशी.

उपेंद्र म्हणाला मांजरं असतील. इथे मांजर अजून आम्हाला दिसलेलं नाही.

१८ नोव्हेंबर
सकाळी आमच्या उंबऱ्यावर अक्षत होती. तांदूळ नव्हेत, वाळूचे जाड दाणे, कुंकवात भिजवलेले. मी झाडून टाकली. शुभ्राला सांगितलं नाही.

दुपारी मिहिका जेवेना. “आय ऑलरेडी एट.” कुठे, तर समोरच्या घरी. त्या घराला कुलूप आहे. तोंड उघडून पाहिलं. दाढांमध्ये वाळू.

२१ नोव्हेंबर
पोर सुकत चालली. घरचं काही खात नाही. भर दुपारी, उन्हाने रस्ता पांढरा झाला की दाराशी जाऊन उभी राहते. समोरच्या आंटी आग्रह करतात म्हणे, ताटातलं टाकू देत नाहीत. डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर दाखवली, त्यांना काही सापडलं नाही.

उंबऱ्यावर रोज अक्षत. झाडतो. पुन्हा येते. शुभ्राने आज पाहिली, आणि मग माझ्याकडे. सगळं सांगावं लागलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.

२२ नोव्हेंबर
मिहिकाला घेऊन अबू धाबीला निघालो होतो. फाटकापाशी रूळ ओलांडताच तिचा श्वास अडकला. ओठ निळे. उपेंद्रने गाडी मागे घेतली, अलीकडे येताच रडू लागली. पुन्हा प्रयत्न केला — पुन्हा तेच.

ती या गावाबाहेर जाऊ शकत नाही. माझ्यामुळे. पहिलं कुटुंब, पहिलं पान — काय काय लिहीत होतो मी.

२४ नोव्हेंबर
यहयाचे पाय धरले. त्याने मला उठवलं. मग म्हणाला, मेहमान तुमने बुलाए, अब उनकी दावत भी तुम ही खाओ, बच्ची नहीं। तेवढ्याने तिची सुटका होईल का, मी विचारलं. नुसतं इन्शाल्ला म्हणाला, माझ्याकडे न बघता.

ठरलं. उद्या दुपारी मी समोर जाईन. त्याच वेळी उपेंद्र गाडी काढेल. उपेंद्र लहानपणासारखा गळ्यात पडून रडला. शुभ्रा म्हणाली, बाबा, या परत. मी मान हलवली.

२५ नोव्हेंबर
कुलूप नुसतं ओढलं, निघालं. आत सामान नाही. पाटांच्या ओळी. समोर वाढलेलं — वाळू, वाफाळणारी.

बसलेत. सरळ पाहिलं तर कुणी नाही. वहीकडे पाहिलं की दोन्ही बाजूंना मांड्या, हात, वाळलेली कातडी. शेजारचा लहान पाट रिकामा. माझ्या ताटात वाढताहेत. पुन्हा वाढताहेत. घास घेतला.

गिळवत नाही. गिळतो आहे.

खिडकीतून फाटक दिसतं. आमची गाडी निघाली. मागच्या सीटवर शुभ्रा, तिच्या मांडीवर मिहिका, पाहिली मी, लाल फ्रॉक —

फाटक आलं.

गेली! थांबली नाही! रुळांपलीकडे, पुढे, पुढे — लहान झाली — दिसेनाशी. वाचली. वाचली माझी पोर. आता कितीही वाढा —

कुणीतरी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. छोटा. गरम.

वहीतून मान वर करणार नाही.

लहान पाटावर लाल फ्रॉक. ती ताट पुढे ओढते आहे. मग गाडीत शुभ्राच्या मांडीवर कोण —

“आजोबा, दे सेड यू हॅव टू फिनि