लाल फुली

२४ फेब्रुवारी २०२५

तिसरा धडा अडलाय! 'जंगलातली आग.' पुण्याच्या संस्थेचे नवनीत सर रोज विचारतात— कुठवर आलं? त्यांना काय जातंय विचारायला! डोंगरातल्या शाळांसाठी वनशिक्षणाचे धडे करायचे. मी इथे कोरीटला लॅपटॉपपुढे, आणि तिथले शिक्षक गोवाल सर धडगावच्या वर, रेंजसाठी टेकडीवर उभे. चित्रं-मजकूर माझा, पावरी बोलीतला आवाज त्यांचा. अजून प्रत्यक्ष भेट नाही. माणूस भिडस्त. कामाला मात्र चोख.

२७ फेब्रुवारी

गोवाल सरांनी फोटो पाठवला. मोहाखाली एक म्हातारी पालापाचोळा पेटवतेय. फुलं वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून करतात असं. वणवे लागतात ते अशानेच! आयतंच मिळालं.

नंतर त्यांचा व्हिडिओ कॉल. आवाज तुटत होता— "मॅडम, फोटोत... मोहावर... लाल फुली..." आणि तोंड उघडं असतानाच चित्र गोठलं. मी ओरडले, "कळलं, कळलं! लाल फुली टाकते!" कॉल कटला.

कल्पना झकास. म्हातारीवर मोठी लाल फुली, खाली— 'असे करू नका.' मलाच कशी सुचली नाही?

४ मार्च

गोवाल सरांचा आवाज आधीच आला होता; तो जोडून धडा सगळ्या शाळांच्या ग्रुपवर गेला. नवनीत सर— "अप्रतिम!" दिवसभर हवेत होते मी.

७ मार्च

गोवाल सर ग्रुपमधून बाहेर पडले. न सांगता! फोन उचलत नाहीत. आता पुढच्या धड्याला आवाज कोण देणार? राग आलाय.

९ मार्च

आज उचलला. "मॅडम, ती माझी आई आहे."

गावातली पोरं तिला 'फुलीवाली' म्हणून चिडवतात. पण दुखणं तेवढंच नाही. घाटाचा रस्ता रुंद होतोय, आणि तोडायच्या झाडांवर लाल फुली मारून ठेवलीय. "आमच्याकडे फुली म्हणजे चूक नाही, मॅडम. फुली म्हणजे तोडायचं." दिवलीबाई— आईंचं नाव आज कळलं— लेकाला विचारतात, "मला कधी नेणार?" घराबाहेर पडत नाहीत.

आणि मी काय म्हणाले? "पण फुली तुम्हीच सांगितलीत ना!"

"मी?" एवढंच म्हणाले. आणि फोन ठेवला. जीभ झडो माझी! आधी माफी मागायची, तर वर त्यांच्याच अंगावर ढकललं.

१० मार्च

धड्यातून फोटो काढून टाकला. नवनीत सर म्हणतात, बदललात ना, विषय संपला. सासूबाईंना सांगितलं. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "फोटो ते काढी टाका व माय, पन पोऱ्यासना तोंडले कोन कुलूप लावी? तठे जाय. फोनवर कोनी माफी मांगस का?"

परीक्षा झाल्या की जाईन. पळवाट आहे. कळतंय मला.

१३ एप्रिल

गेले एकदाची. धडगावपासून जीप, पुढे पायी चढण. दिवलीबाईंनी पाणी दिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना मराठी येत नाही. माझी माफी गोवाल सरांनीच पावरीत सांगितली— ज्याची मागायची त्याच्याच तोंडून! त्या हळू काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"जेवून जा, म्हणते."

जेवले. 

गावात सगळ्यांच्या अंगणात मोहाची फुलं वाळत होती. यांचंच अंगण रिकामं. माझ्यामुळे बाई फुलं वेचायलासुद्धा बाहेर पडल्या नाहीत!

परतताना जीप लवकर येईना. मैलाच्या दगडाशी नुकत्याच तोडलेल्या झाडाचा रुंद बुडखा होता. त्यावर बसून रडले. गोवाल सरांना म्हटलं, बसा ना. ते उभेच राहिले.

१५ एप्रिल

तो मूळ फोटो लॅपटॉपवरूनही कायमचा पुसायला घेतला. पुसण्याआधी मोठा करून पाहिला. दिवलीबाईंच्या मागे मैलाचा दगड— तोच, बुडख्याजवळचा. आणि मोहाच्या खोडावर लाल फुली. माझी नाही. आधीचीच.

फुली टाका म्हणत नव्हते ते. फुली बघा म्हणत होते.