भोकाचा पैसा आणि लोहचुंबक

आमगाव, मंगळवार

ती. केशोरावदादा,

सुतकात आहे, म्हणून वर 'श्री' घातला नाही. नमस्कारही तेरवीनंतरच वसूल करा. तुमचे गुडघे आणि वहिनींची शुगर कशी आहे? इकडे आई गेल्यापासून घर खायला उठतं. त्यात मी जे करून ठेवलं, ते मावसभावाशिवाय कुणाला सांगणार?

आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात भोकाचा पैसा असे, आठवतो ना. (लढाईत तांबं कमी पडलं, म्हणून सरकारनं पैशाच्या मधलं तांबं काढून घेतलं आणि गरिबाला नुसती कड दिली, असं ती सांगे. राजाचं तोंड छापायलाही जागा उरली नाही, मुकुटावरच भागवलं.) दृष्ट लागू नये म्हणून आजोबांनी बांधला, तो ऐंशी वर्षं टिकला. "माह्यामागं हा शकुंतलेले देजो," असं तिनं बजावलं होतं. माझ्या बहिणीसाठी तिची एवढीच इस्टेट. आंघोळ घालताना दोरा तोडला आणि पैसा मी सदऱ्याच्या खिशात टाकला. त्याच खिशात तिरडीवरून उधळायची चिल्लर होती. घाटापर्यंत लाह्यांबरोबर मुठी भरभरून उधळत गेलो. परतलो तेव्हा खिसा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानातून मोठं लोहचुंबक आणलं, सुतळीला बांधलं आणि घरापासून घाटापर्यंत ओढत फिरलो. दोन दिवसांत खिळे, बैलाची एक नाल आणि रुपयाची पुष्कळ नाणी चिकटली. (नाणी परत तिथंच टाकली, पण ते कोण बघतो?) चंद्रकुमार मायवर उधळलेले पैसे वेचून राहिला, असं गावभर झालं. तिसऱ्या दिवशी भंगारवाला छोटेलाल थांबला. म्हणाला, "काकाजी, आताचा रुपया इस्टीलचा, म्हणून चिकटते. तांब्याले चुंबक कायले धरन?" साठीला आलो, पण हे मला ठाऊक नव्हतं.

असो. तेरवीला लवकर या.

तुमचा,
चंद्रकुमार

ता. क. : नागऱ्याला देवळापुढच्या तुमच्या दुकानात लेकरांच्या गळ्यात बांधायला भोकाचे पैसे असतात ना? एक झिजलेला आणा. शकुंतला गुरुवारी येते. आईचाच म्हणून तिला देईन.

पुन्हा ता. क. : पाकीट बंद करायच्या आत शकुंतला आजच आली. माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. "मायचा होता, मायसंगं गेला," म्हणाली आणि तो तुटका दोरा मागून घेतला. आता माझ्याजवळ आईचं काहीच नाही. तेव्हा पैसा आणाच, दादा. देताना आईचाच म्हणून द्या.