फाटकावरची दोन मिनिटं

सातारा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय तात्याबा,

कृष्णातचा साताऱ्याहून नमस्कार. सांगलीत तुझी तब्येत ठीक असेल आणि गुडघा फार त्रास देत नसेल, असं धरून लिहितो. आम्ही दोघं बरे आहोत. साळूबाईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला माझ्या शर्टावरचे डाग लांबून दिसतात. सोयाबीन निघालं, शेवटच्या पावसानं थोडं काळं पडलं.

दसऱ्यानंतर औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो. येताना तुझ्या गावचा फाटा लागला. गाडी बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटं उभा राहिलो. हरणावहिनी घरी असणार, हे माहीत होतं. वळलो नाही.

फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितोय, असं तुला वाटेल. तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही. गेल्या महिन्यात साळूबाईच्या फोनवरून लावला, तर पहिल्या रिंगला उचललास. "हालो, कोण बोलतंय?" म्हणालास. मी ठेवून दिला. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, आणि तेवढ्याचं उत्तर देता आलं नाही.

फेब्रुवारीत जे झालं ते व्हायला नको होतं. हे वाक्य मी चार कागदांवर चार वेळा लिहिलं आणि फाडलं. साळूबाई म्हणाली, "व्हायला नको हुतं म्हंजी? आपोआप झालं का त्ये?" म्हणून आता नीट लिहितो.

फौज झाली, एमआयडीसीतली सिक्युरिटीची नोकरी झाली आणि मी घरी बसलो. घरात मन लागेना. लहानपणापासून रेल्वेगाड्यांचं वेड होतंच. सूनबाईनं दिलेला कॅमेरा घेऊन स्कूटरवरून रूळ शोधत फिरायचो. असा तुझ्या फाटकावर आलो. पहिल्या दिवशी तू मला हाकललंस. "सायेब, हितं थांबायची परवानगी न्हाई." दुसऱ्या दिवशी परत आलो, तेव्हा तू पाणी दिलंस. महिन्याभरात तुझ्या गुमटीच्या, त्या एवढ्याशा केबिनच्या, सावलीत माझी प्लास्टिकची खुर्ची आली. कुठली गाडी किती लेट आहे, आधी कुठली सुटणार, तू सांगायचास, मी व्हिडिओ काढून माझ्या चॅनलवर टाकायचो. वहिनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी तू माझ्यापुढं अर्धी करून ठेवायचास. तीन वर्षं असं चाललं. चॅनलला नऊशे लोक झाले. पहिलं नाव तुझ्या लेकीचं, सृष्टीचं होतं.

त्या चॅनलमुळं मी गाडीवेड्यांच्या एका ग्रुपमध्ये गेलो. पुण्याचे, हुबळीचे, कुठकुठले लोक. जाणकार माणसं, इंजिनाचा नंबर नुसत्या आवाजावरून सांगतात. पण त्यांचं निम्मं बोलणं चुका पकडण्यात जायचं. कुणी हॉर्न वाजवायला विसरला, कुणी झेंडी उलटी धरली, कुठं स्टेशनवर चुकीची घोषणा झाली, की लगेच व्हिडिओ टाकायचा आणि शंभर जणांनी हसायचं. मीही हसायचो. तुला एकदा असा एक व्हिडिओ दाखवला. रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंट्समन पळताना चप्पल निसटून पडतो, तो. तू हसला नाहीस. म्हणालास, "सुभेदार, रोज शंभर भाकरी नीट भाजल्या तर त्याचा फोटू कोण काढत न्हाई. एक करपली की समद्यांस्नी वास येतोय." मी म्हटलं, लय मनाला लावून घेतोस गड्या.

आता मंगळवार, १८ फेब्रुवारी.

विजेची वायर आल्यापासून आपल्या लाईनवर डिझेल इंजिन बघायला मिळेना. त्या दिवशी एका मालगाडीला जुन्या डिझेलची जोडी लागलीय, अशी ग्रुपवर बातमी आली. मी नऊ वाजल्यापासून येऊन बसलो. साडेअकराला गुमटीतला स्टेशनचा फोन वाजला, तू फाटक बंद केलंस आणि हिरवी झेंडी घेऊन ओट्यावर तुझ्या जागेवर उभा राहिलास.

मी कॅमेऱ्यातून बघितलं. वळणावरून इंजिन येणार, नेमका त्याच्यासमोर तू.

मी म्हणालो, "तात्याबा, जरा मागं सर रं. गुमटीच्या आड हो."

तू म्हणालास, "आवं, माझी जागा हाय ही. चाकं बघाय लागत्यात."

मी म्हणालो, "दोन मिनिटांनी काय हुतंय? रोज बघतोसच की. ही जोडी परत यायची न्हाई."

तू माझ्याकडं बघितलंस. मग मान हलवून गुमटीमागं गेलास. तू माझा मान ठेवलास, एवढंच. गाडी गेली. शेवटच्या डब्यातून गार्डनं झेंडी बाहेर काढली आणि ओट्यावर कुणीच नाही म्हणून वाकून बघितलं. त्याचा तो चेहराही कॅमेऱ्यात आला. गाडीला काही झालं नाही, चाकं ठीक होती. तू बाहेर येऊन विचारलंस, "आलं का झ्याक?" मी म्हणालो, एकदम झ्याक.

घरी आल्यावर व्हिडिओच्या सुरुवातीचं आपलं बोलणं मी कापलं आणि तो चॅनलवर टाकला. बोलणं आलं की व्हिडिओ बिघडतो, म्हणून नेहमीच कापायचो. इथपर्यंत माझ्या मनात काही वाईट नव्हतं, एवढं तरी मान.

संध्याकाळी ग्रुपमधल्या एकानं खाली लिहिलं, "गेटमन कुठं आहे?" त्याखाली दुसरे दोघं. त्यातला एक मला नेहमी शिकवायला बघायचा, नियम माहीत नसतील तर व्हिडिओ कशाला काढता, असं म्हणायचा. मला वाटलं, आपल्याला नियम कळतो हे ह्याला दिसलं पाहिजे. मी उत्तर लिहिलं. ते तू वाचलं असशीलच, तरी माझ्या हातानं परत लिहितो. "झोपला असेल. गेटमननं गाडीसमोर उभं राहायचंच असतं. हल्ली असंच चालतं."

तात्याबा, हे मी लिहिलं. तू गुमटीमागं का होतास हे सगळ्या जगात मला एकट्याला माहीत होतं, आणि मी लिहिलं की तू झोपला होतास. एकशे चाळीस जणांनी त्याला लाईकचा अंगठा दिला. मला बरं वाटलं.

कुणीतरी ते रेल्वेच्या वरच्या ऑफिसला पाठवलं. चार दिवसांनी रेल्वेचे इन्स्पेक्टर साहेब तुझ्या फाटकावर आले. पुढचं तुला माहीत आहे. चार्जशीट, चौकशी, फाटक काढून घेतलं, आणि मे महिन्यात सांगलीला गोदामावर पहारेकरी. एकतीस वर्षांत तुला साधा मेमो मिळाला नव्हता, हे तू मला किती वेळा सांगितलं होतंस.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हा सगळा कागद भरला.

चार्जशीट आल्यावर तिसऱ्या दिवशी सृष्टीनं त्या व्हिडिओखाली एक ओळ लिहिली. "काका, सुरुवातीचा आवाज का कापलात?" एवढंच. एकही वाकडा शब्द नाही. सकाळी देवपूजा करून उठलो आणि ते वाचलं. तिला काय उत्तर द्यायचं हे ठरवत दहा मिनिटं बसलो, आणि शेवटी मी तिची ओळ पुसली. मग तिला चॅनलवरून काढून टाकलं. मग व्हिडिओही काढला. लाजेनं नाही, भीतीनं काढला. रुळालगत बसतो म्हणून माझ्यावर केस होईल, ही भीती. फौजेत माझा एखादा जवान असा वागला असता, तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं.

व्हिडिओ काढून उपयोग झाला नाही. लोकांनी तो आधीच उतरवून घेतला होता.

ऑक्टोबरमध्ये धीर करून मी इन्स्पेक्टर साहेबांना भेटलो. मूळ व्हिडिओ माझ्याकडं आहे, त्यात माझा आवाज आहे, सगळं सांगितलं. ते तुझी फाईल काढून बसले. मग म्हणाले, "आम्ही तात्याबा पुकळेला तीनदा विचारलं, तिथं कुणी होतं का. तो म्हणाला, कुणी नव्हतं, पाणी प्यायला आत गेलो होतो. आता तुम्ही हे दिलंत तर बाहेरचा माणूस बसवला आणि चौकशीत खोटं बोलला, असे दोन आरोप वाढतील. तुमचं मन हलकं होईल, सुभेदार. त्याचं काय?"

मी तसाच परत आलो.

तू माझं नाव घेतलं नाहीस. मला वाचवलंस. हे ओझं मला पेलत नाही.

सोबत माझा जबाब आहे. काय घडलं ते सगळं लिहून खाली सही केली आहे. तो द्यायचा की नाही हे मी ठरवू शकत नाही. खरं सांगून तुला आणखी बुडवण्याचा हक्क मला नाही, आणि गप्प बसण्याचाही उरलेला नाही. तू हो म्हण, मी स्वतः नेऊन देईन आणि होईल ते भोगीन. तू नको म्हण, तर फाडून टाक.

माफी मागण्याइतकं तोंड माझ्याकडं नाही. तरी मागतो.

तुझा म्हणवून घ्यायची लायकी घालवलेला,
कृष्णात बर्गे


सांगली,
२१ नोव्हेंबर

सुभेदार यांस तात्याबा पुकळे यांचा रामराम.

तुमचा कागद मिळाला. दोनदा वाचला. मला लिवायची सवय न्हाई, चुकलं तर समजून घ्या.

वैनींच्या डोळ्याचं कळलं, बरं झालं. माझा गुडघा हाय तसाच हाय. हितं गोदामावर बसून काम हाय, तरास न्हाई. सैपाक मीच करतो. हरणा महिन्यातनं एकदा येऊन जाते. तिला गाव सोडवत न्हाई, शेळ्या हाईत.

तुमी लिवलं, की मी तुमाला वाचवलं. तसं न्हाई. खोटं मोठेपण मला नको, म्हणून सांगतो.

चौकशीच्या दिवशी मी तुमचं नाव घेणारच हुतो. आदल्या दिवशी हरणाला तसं सांगितलं बी हुतं. म्हणलं, बाहेरचा माणूस बसवला ही माझी चूक, ती कबूल करीन, पन झोपलो न्हवतो हे सुभेदार येऊन सांगतील. फौजी माणूस हाय, साक्षीला येतील. माझा तेवढा भरवसा हुता. सकाळी निघताना सृष्टी फोन घेऊन आली. म्हणाली, "आबा, काकांनी माझं पुसलं." मला पैल्यांदा कळंना, काय पुसलं. तिनं सांगितलं. तवा मला समजलं, तुमी येणार न्हाई. मग नाव घेऊन काय उपेग? तुमी न्हाई म्हणला असता, आन् गेटमन खोटारडा ठरला असता. म्हणून पाणी प्यायला गेलो म्हणून सांगितलं.

मागं सरलो ही चूक माझी. तुमी सांगितलं तरी सरायचं न्हवतं. तिथं उभं राहायचा पगार मी घेत हुतो, तुमी न्हाई. ते मी कुणावर ढकलत न्हाई.

पन साहेबांनी चौकशीत तुमचं लिवलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. झोपला असेल म्हणून. खोलीत सात माणसं हुती. त्यातली दोन माझ्या हाताखाली शिकल्याली. त्यांनी खाली बघितलं.

तुमचा जबाब मी फाडला न्हाई, परत पाठवतो. तो हापिसात द्या. दोन आरोप वाढले तर वाढू द्या. माझं एक वरीस राहिलंय, काढीन. बसवला हे खरं हाय, खोटं बोललो हे बी खरं हाय. त्याची सजा मिळाली तर मला राग न्हाई. झोपला हे खरं न्हाई. तेवढं फायलीतनं निघू द्या.

सृष्टी रेल्वेचीच परीक्षा देतीया. साताऱ्यात क्लासला असती. पोरं तिला अजून त्या व्हिडिओवरनं बोलत्यात. तिला तुमी गाठू नका, तिला आवडणार न्हाई. पन तिनं तुमाला एक इचारलं हुतं, त्याचं उत्तर तुमी मला दिलं. मला ठावं हुतं ते. तिला कागदावर लिवून द्या. पत्ता पाठीमागं लिवलाय.

सांगलीला येऊ नका. आलासा तर मी चा पाजीन, माझ्यानं न्हाई म्हणवायचं न्हाई. म्हणून येऊ नका.

तात्याबा पुकळे
गेटमन